नाळेतली खोटी भिंत

१

गलबत आडवं पाडायचं काम वर्षातून तीनदा तरी यायचंच. इथल्या कोमट पाण्यात लाकूड चार महिने राहिलं की बुडाला शेवाळ धरतं, कवचं चिकटतात, आणि बाणासारखं जाणारं गलबत गाभण गाईसारखं चालायला लागतं. व्यापाऱ्याला ते चालतं. चाच्यांना चालत नाही. मग एखादं ओसाड बेट शोधायचं, भरतीला गलबत वाळूवर चढवायचं, तोफा, पिंपं, शिडं उतरवून त्याचं पोट रिकामं करायचं आणि डोलकाठीला दोर बांधून ते एका कुशीवर पाडायचं. एक बाजू घासून झाली की दुसरी. आठ-दहा दिवस सगळे जण गुडघाभर चिखलात, आणि तोंडात शिव्या.

त्या दिवशी मी नाळेपाशी होते. नाळ म्हणजे गलबताचं पुढचं टोक, जिथे दोन्ही बाजू जवळ येऊन मिळतात. भर दुपार होती. वाळू इतकी पांढरी, की डोळे मिटले तरी आत उजेड. बाकीची माणसं लांब, शिडाच्या सावलीत कासव शिजवत होती. माझ्यापासून दहा हातांवर म्हातारा गेथिन, आमच्या गलबताचा, ‘लार्क’चा, मुख्य सुतार, फळ्यांच्या सांध्यांतला जुना काथ्या आकड्यानं ओढून काढत होता. त्याला ऐकू जवळजवळ येत नव्हतं. तोफांनी त्याचे कान खाल्ले होते.

मी खरवडत होते. खर्र, खर्र, खर्र. थोड्या वेळानं हाताला लय लागते आणि डोकं रिकामं होतं. मला तेच हवं होतं. कपाळावरचा घाम पुसायला मी हात थांबवला.

आणखी एक खर्र झालं.

रिकामं गलबत म्हणजे नगाराच, आवाज घुमणारच, असं मी मनाला सांगितलं. पण घुमलेला आवाज लगेच येतो. हा मागाहून आला होता. मी पुन्हा दोनदा खरवडलं आणि थांबले. वारा नव्हता. लाटा लांब होत्या. मी श्वास धरला. मग आतून, अगदी हळू, दमल्यासारखं एकदा झालं. आणि यावेळी मला कळलं की ते लोखंडाचं खरवडणं नाही. ते नखांचं आहे.

मी कुठे उभी आहे ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या फळीच्या पलीकडे, नाळेच्या अगदी टोकाला, एक खोटी भिंत होती. आणि त्या भिंतीमागे काय आहे ते बेटावर माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

२

माझं नाव टॅम्सिन पेंडर. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर माझा बाप होड्या बांधायचा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून वाकस आणि रंधा माझ्या हातात आला. बाप गेला तेव्हा मी एकटी अख्खी होडी उभी करू शकत होते. पण शेजारच्या गावातल्या धन्यानं मला दारातूनच परत पाठवलं. “बाईनं बांधलेल्या होडीत कोण बसेल?” म्हणाला. मी घरी आले, केस कापले, बापाची विजार चढवली, छातीवर पट्टी आवळली आणि दुसऱ्या बंदरात जाऊन टॉम झाले. तिथे मला लगेच काम मिळालं.

जमैकाला जाताना आमचं जहाज ‘लार्क’नं अडवलं. त्यांच्या खलाशांचा म्होरक्या, तांडेल मोझेस क्रॅडक, आमच्यात येऊन ओरडला, “सुतारकाम कुणाला येतं?” मी हात वर केला. लोकांना वाटतं, चाच्यांत जाणारी बाई म्हणजे तलवार नाचवणारी असेल. मी सुतार होते. हातातून काम सुटू नये एवढंच मला हवं होतं.

क्रॅडकनं गलबताचे नियम वाचून दाखवले आणि प्रत्येकानं खाली खूण केली. एक कलम असं होतं, की जो कोणी बाईला पुरुषाच्या वेशात गलबतावर आणेल त्याला मरण. माझी खूण वाकडी आली. क्रॅडक हसला. “लिहिता येत नाही वाटतं?” म्हणाला. येत होतं, पण मी म्हटलं, “नाही येत.”

त्यानंतर बाई म्हणून मी एक शब्द बोलले नाही. करतो, जातो, येतो. स्वप्नातसुद्धा. जिभेला एकदा सूट दिली की ती चारचौघांत घसरते.

३

जेम ट्रिग शिडं शिवायचा. मी ‘शिवायचा’ म्हणते, कारण पहिले सात-आठ महिने माझ्यासाठी तो तोच होता. मेंढीसारखे कापलेले केस, समोरचा एक दात तुटलेला, आणि शिव्या इतक्या रसरशीत, की क्रॅडकही थांबून ऐकायचा.

एकदा एक खलाशी सगळ्यांदेखत मला म्हणाला, “काय रे टॉम, तू मुततोस कधी? मी तर तुला कठड्यापाशी पाहिलंच नाही. का मांजरासारखा कोपरा शोधतोस?”

सगळे हसले. माझे कान तापले. जेम सुई न थांबवता म्हणाला, “तू कठड्यापाशी उभा राहून दुसऱ्यांचं मोजत बसतोस होय? मला वाटायचं समुद्र बघतोस.”

हशा त्या खलाशावर उलटला. संध्याकाळी जेम माझ्याजवळ आला आणि चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी हातात ठेवलं. पत्र्याची वाकडी, शिंगासारखी नळी होती. एक टोक रुंद, एक निमुळतं.

“घे. माझ्याकडे दुसरी आहे,” एवढंच म्हणाला आणि गेला.

मी ती नळी हातात धरून कितीतरी वेळ बसले. मग समजलं, कठड्यापाशी उभं राहता यावं म्हणून होती ती. मला रडू आलं नाही. छातीवरची पट्टी थोडी सैल झाल्यासारखं वाटलं, इतकंच.

पुढच्या वर्षी मला ताप भरला. चार दिवस मी शुद्धीत नव्हते. जखमा शिवणारा आमचा न्हावी, बार्नबी, कपडे काढून गार पाण्यानं पुसायला आला होता. जेमनं त्याला वाटेतच अडवलं. “लांब हो! अंगावर देवी उठताहेत त्याच्या. मला येऊन गेल्यात, मी बघतो.” मग सगळं गलबत माझ्यापासून वीस हात लांब राहिलं, आणि जेम चार दिवस उशाशी बसून होता. होती.

पण आम्ही कधी बोललो नाही. कुणी नसतानासुद्धा नाही. कपडे धुवायला बेटावर उतरताना ती मला हाक मारायची, “येतोस का रे, टॉम?” आणि मी म्हणायचे, “आलो.” पट्ट्या एकमेकींच्या सदऱ्यांखाली वाळत घालायच्या, शेजारी बसून बिस्कीट चावायचं, आणि परतायचं. तीन वर्षं अशी गेली. एवढं जवळचं माणूस मला आधी मिळालं नव्हतं, नंतरही नाही.

४

एप्रिलमध्ये स्पॅनिश पहाऱ्याच्या जहाजानं आम्हाला गाठलं. आम्ही निसटलो, पण त्यांचा एक गोळा आमच्या कठड्यावर बसला आणि लाकडाच्या कपच्या उडाल्या. तोफगोळ्यानं मरतात त्याहून जास्त माणसं कपच्यांनी मरतात. जेमच्या मांडीत, पार वर, कमरेजवळ वीतभर कपची घुसली.

बार्नबी रक्तानं माखलेले हात पुसत ओरडला, “विजार उतरव, ट्रिग!”

“तुझ्यासमोर? आधी तू आंघोळ कर!” जेम ओरडली, आणि धुरात दिसेनाशी झाली.

ती मला खाली, पुढच्या कोठारात सापडली. भिंतीला टेकून उभी होती. चेहरा शिडाच्या कापडासारखा.

“टॉम, लपव मला. एक-दोन दिवस. कपची मी स्वतः काढीन. शिवणकाम माझंच आहे.”

नाळेच्या टोकाला गेथिननं आणि मी फळ्यांची एक खोटी भिंत घातली होती, कधी झडती झाली तर मौल्यवान माल लपवायला. ती कुणी वापरलीच नाही. मागे एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढी जागा. मी दोन फळ्या काढल्या, तिला आत बसवलं, पाणी दिलं, सुई-दोरा दिला, आणि फळ्या परत लावून वरवर दोन खिळे ठोकले.

“उद्या दुपारी येतो,” मी म्हटलं.

वर आले तर क्रॅडक डोकी मोजत होता. “ट्रिग कुठाय?”

“पाण्यात गेला,” मी म्हणाले. “मी पाहिलं. कठड्यावरून गेला.”

क्रॅडकनं टोपी काढली. रागीट, आडदांड माणूस, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे जेमच्या नावानं प्यायले. मीही प्यायले.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. फळी सरकवली तर आतून भट्टीची धग यावी तशी वाफ आली. तिचं अंग पेटलं होतं. कपची अजून आतच होती. हात थरथरत असल्यानं सुई धरवत नाही, म्हणाली.

“न्हाव्याला बोलाव, टॉम.”

“थांब जरा. परवा आपण किनाऱ्याला लागू. तिथे उतरवतो तुला.”

“नाही थांबवत. कळू दे त्यांना. काय करतील? मारतील. इथे तरी काय, मरतेच आहे मी.”

मरतेच आहे. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून तसं आलं. तिला ते कळलंही नाही. आणि मला, देव साक्षी आहे, तिची दया आली नाही. मला भीती वाटली. वाटलं, आता ही बोलणार. तापात सगळं बोलणार. मग लोक विचारतील, हिला लपवलं कुणी? पाण्यात गेला म्हणून खोटं कोण बोललं? आणि मग मलाही विजार उतरवायला सांगतील.

मी तिला पाणी पाजलं. कपाळ पुसलं. “उद्या नक्की,” म्हटलं. मग फळी लावली आणि जुन्या दोन खिळ्यांशेजारी आणखी चार ठोकले, पार आतपर्यंत.

पहिल्या खिळ्याला ती काही बोलली नाही. दुसऱ्याला म्हणाली, “टॉम?” तिसऱ्याला आणि चौथ्याला काहीच नाही.

संध्याकाळी ठोकण्याचा आवाज सुरू झाला. आतून, मुठीनं. मी क्रॅडकला सांगितलं की कोठारातली एक तुळई गोळ्यानं हलली आहे, आणि हातोडा घेऊन खाली बसले. ती ठोकायची, मी ठोकायचे. पुढचा सगळा दिवसही तेच. क्रॅडकनं वरून आवाज दिला, “अरे टॉम, गलबत नवं बांधतोस की काय? डोकं उठवलंस!” मी ओरडले, “होतच आलं!”

बंदर आलं आणि गेलं. किनाऱ्यावर शिपाई दिसले म्हणून कप्तान थांबलाच नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी मी हातोडा खाली ठेवला. आतून काही आलं नाही. मी वाट पाहिली. मग वर जाऊन जेवले.

उघडायचा धीर मला झाला नाही. जिवंत असेल तर काय तोंड दाखवू, आणि मेली असेल तर उघडून काय. मी फक्त वासाची वाट बघत राहिले. उष्ण हवा, बंद जागा. चौथ्या-पाचव्या दिवशी यायला हवा होता. रोज मी काहीतरी निमित्त काढून कोठारात जायचे आणि भिंतीपाशी नाक नेऊन उभी राहायचे. डांबराचा यायचा, तळाच्या कुजक्या पाण्याचा यायचा. दोन आठवडे झाले. तो वास आला नाही.

मग आम्ही त्या बेटावर गलबत पाडलं.

६

“टॉम, इकडे ये.”

गेथिन काथ्या काढायचा थांबला होता. त्यानं डावा तळवा फळीवर सपाट ठेवला होता, जनावराच्या पोटावर ठेवतात तसा.

“हात ठेव इथे.”

मी ठेवला. फळी उन्हानं तापली होती. बाकी काही नव्हतं, किंवा मला कळलं नाही.

“काही नाही,” मी मोठ्यानं म्हटलं.

“आहे. आत कुणीतरी आहे.”

“खेकडा असेल. भरतीला शिरला असेल.”

तो नाही म्हणून मान हलवत राहिला. “खेकडा आपल्या तंद्रीत हलतो. हे थांबतं, आपली वाट बघतं, मग हलतं. जा, बघून ये. मी खाऊन येतो.” आणि तो आकडा तिथेच टाकून सावलीकडे चालू लागला.

मी खरवडणी वाळूत खोचली, पंजाचा हातोडा घेतला आणि आत गेले.

आडवं पडलेलं गलबत आतून ओळखू येत नाही. भिंत जमीन झालेली असते, जिना आडवा लोंबतो, चार वर्षं ज्या वाटेनं अंधारातही चाललो ती वाटच नसते. मी रांगत पुढे गेले. बाहेर एवढं ऊन, पण आत गार होतं. काथ्या काढलेल्या सांध्यांतून उजेडाच्या उभ्या रेघा पडल्या होत्या. माझ्या गुडघ्यांचा आवाज मला दुसऱ्या कुणाच्या गुडघ्यांसारखा वाटत होता, म्हणून मी दोनदा थांबले. थांबले की आवाजही थांबायचा.

भिंत तशीच होती. सहाही खिळे जागच्या जागी, त्यांच्या डोक्यांवर माझ्याच हातोड्याच्या खुणा. एकेक उपटला. शेवटचा निघताना असा किंचाळला, की मी हातानं त्याला झाकलं. फळी बाजूला केली.

आत कुणी नव्हतं.

सदरा होता, घडी घातलेला. विजार होती, मांडीपाशी फाटलेली आणि वाळून काळी पडलेली. छातीवरची पट्टी गोल, घट्ट गुंडाळून ठेवली होती, आम्ही धुऊन वाळल्यावर ठेवायचो तशी. आणि सगळ्यावर ती वीतभर कपची, स्वच्छ पुसलेली. समोरच्या फळीवर, बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे, लाकूड खरवडून पांढरं झालं होतं.

माझं डोकं मोजमापं काढू लागलं, कारण सुताराचं डोकं तेच करतं. फळ्यांमधल्या फटी दोन बोटांच्या. खिळे बाहेरून. मांजरही निघणार नाही. मग कुणीतरी मला न सांगता उघडलं असेल, तिला समुद्रात टाकलं असेल आणि परत ठोकलं असेल. पण मग कपड्यांची घडी कोण घालेल?

तेवढ्यात बाहेरून खरवडायचा आवाज आला.

खर्र. खर्र. खर्र. मघाशी मी बाहेर जिथे उभी होते, बरोबर तिथून, फक्त आता फळीच्या दुसऱ्या बाजूनं. गेथिन परत आला असेल, असं मला वाटलं, आणि त्याच क्षणी लांबून, सावलीतून, बहिऱ्या माणसाचा तो मोठा आवाज ऐकू आला, “यात मीठ कुणाच्या बापानं घालायचं?” आणि सगळ्यांचं हसणं.

खरवडणं थांबलं. कुणीतरी फळीला अगदी चिकटून उभं राहिल्यासारखी उजेडाची एक रेघ विझली. आणि हळू, माझ्या कानाशी बोलल्यासारखं:

“येतेस का?”

येतोस नाही. येतेस. ज्या समुद्रावर मला सगळे टॉम म्हणूनच ओळखत होते, तिथे. आवाजात राग असता तर मी पळाले असते. राग नव्हता. धुवायचे कपडे काखेत मारून, दुपारच्या वेळी, एका बाईनं शेजारणीला हाक मारावी तसं होतं. आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो तसं.

मी सांध्याला डोळा लावला. आधी नुसता काळोख. मग तो बाजूला झाला, आणि पांढऱ्या उजेडात डोळे मिटमिटत मला दिसलं ते एवढंच: एक पाठमोरी बाई पाण्याकडे चालली होती. केस ओले होते आणि कमरेपर्यंत मोकळे. दोन्ही पाय सारखे पडत होते.

मी हाक मारायला तोंड उघडलं. कुठल्या नावानं मारायची ते मला कळेना. जेम म्हणायचं? तिचं खरं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. मी तशीच तोंड उघडं ठेवून बघत राहिले, आणि वाळूवर नुसतं ऊन उरलं.

बाहेर आले तेव्हा खरवडणी मी खोचली होती तिथेच होती. वाळूत फक्त माझी आणि गेथिनची पावलं. पण फळीवर, मी सोडलं होतं त्याच्या पुढे, हातभर लांबीचा पट्टा लख्ख घासलेला होता.

७

मी ते कपडे कपचीसकट उचलले आणि सावलीत गेले. सगळे जेवत होते. कपडे मी क्रॅडकच्या पुढ्यात ठेवले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. जेम पाण्यात गेला नाही. मी लपवलं. मी खिळे ठोकले. जेम बाई होती. मग म्हणाले, “मीसुद्धा बाई आहे. आता काय करायचं ते करा.”

कुणी उठलं नाही. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही. ज्याला ऐकू येत नव्हतं त्या गेथिनला शेजारच्यानं कानात ओरडून सांगितलं.

“तुम्ही दोघी बायका, ते ठाऊक होतं, पोरी,” तो म्हणाला. “शेजारी बसून चार वर्षं लाकूड तासतोय तुझ्या.”

मी क्रॅडककडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. “निम्म्या गलबताला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “काम चोख होतं. कोण बोलेल?”

“पण ते कलम...”

“ते कलम बायका पळवून आणणाऱ्यांसाठी आहे. तुला कुणी आणलं होतं? तू आपल्या पायांनी आलीस.” मग एकदम त्याचा आवाज चढला. “अगं, एक शब्द बोलायचास ना! एक शब्द!”

बार्नबी कपची हातात घेऊन उलटीपालटी करत होता. कुणाशी म्हणून नाही, आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, “मांडी होती. अर्ध्या तासाचं काम. अशा वीस शिवल्यात मी.”

मला कुणी मारलं नाही. बांधलंही नाही. दोघे-तिघे आत जाऊन ती जागा बघून आले. प्रेत कुठे आहे, असं क्रॅडकनं विचारलं. ठाऊक नाही, म्हटलं. त्यांना वाटलं असेल की मीच समुद्रात टाकलं. पाहिलं ते मी कुणालाच सांगितलं नाही. थोड्या वेळानं कुणीतरी माझी थाळी भरून आणून ठेवली. मला भूक लागली होती. मी खाल्लं.

ते कपडे त्यांनी बेटावर पुरले. थडग्याच्या फळीवर कोरायला गेथिन छिन्नी घेऊन बसला आणि त्यानं माझ्याकडे तिचं नाव मागितलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं छिन्नी खाली ठेवली. मग फळी तशीच कोरी रोवली.

८

हार्बर बेटावर मी उतरले ती इथलीच झाले. इथे दुसरा सुतार नव्हता, म्हणून बाईनं बांधलेल्या होडीत लोक मुकाट्यानं बसले. आता हात चालत नाहीत. दुपारी किनाऱ्यावर कुणी होडी घासायला काढली की मी दार लावून घेते. कितीदा लावून घेतलं तरी, घासणारा थांबला की मी मोजते. अजून एक येतं का ते. कधी येतं, कधी नाही. म्हातारपणी कान खरं बोलतातच असं नाही.

नऊ वर्षांनी गेथिन आला होता. राजानं चाच्यांना माफी दिल्यावर ‘लार्क’ विकून टाकलं, म्हणाला, आणि नव्या मालकानं ते जळणासाठी फोडलं. तो आता ठार बहिरा झाला होता, म्हणून मी कोळशानं फळीवर लिहून बोलत होते. जेवण झाल्यावर मी लिहिलं, ‘त्या दिवसानंतर फळीवर हात ठेवल्यावर कधी काही जाणवलं का?’

तो वाचून हसला नाही, दचकलाही नाही.

“रोज,” तो म्हणाला. “दुपारी. गलबत होतं तोवर रोज. पहिले काही दिवस मी लांबच राहायचो. मग जेवण झालं की तिथे जाऊन बसायला लागलो, फळीवर हात ठेवून. हालचाल थांबेपर्यंत.”

मी लिहिलं, ‘का?’

त्यानं माझ्या हातातून कोळसा काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

“तिला एकटं वाटू नये म्हणून,” तो म्हणाला.